बाबांनी आखलेला प्रोग्रॅम

आमचा यज्ञेश पॉवरलिफ्टिंग करतो असं सांगितलं की लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. बरोबरच आहे. बेचाळीस वर्षांचा माणूस, मरोळच्या विमा कचेरीत दिवसभर खुर्चीत बसणारा, पोट सुटलेलं, गोडाची भारी हौस. माझा नवरा आहे म्हणून नाही सांगत, माणूस झकास आहे. पण व्यायामाशी त्याचा कधीच काडीचा संबंध नव्हता.

तो संबंध आला आई गेल्यावर. आई म्हणजे माझ्या सासूबाई, जयंती. त्या गेल्या आणि माझे सासरे, शरच्चंद्र, एकदम मुके झाले. काही विचारलं तर "हं". तरुणपणी ते स्पर्धांमध्ये वजनं उचलायचे आणि नंतर इथे मुलुंडच्या व्यायामशाळेत पोरांना शिकवायचे. तेही त्यांनी सोडलं. यज्ञेशला काही सुचेना. एक दिवस म्हणाला, "बाबा, मला पॉवरलिफ्टिंग शिकवता?" मी स्वयंपाकघरात हसू दाबत होते. पण बाबांनी मान वर केली. चक्क विचारलं, "बूट आहेत का तुझ्याकडे?"

झालं. बाबांनी प्रोग्रॅम आखला. सोमवारी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर दांडा घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बुधवारी बेंच, म्हणजे पाठीवर पडून दांडा छातीवरून वर ढकलायचा. शुक्रवारी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहायचं. वजन दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं, मग एक हलका आठवडा, की पुन्हा चढ. पहाटे दोघं निघायचे. परत आल्यावर चहा पितानाही तेच. गुडघे आत का गेले, श्वास कधी धरायचा, पाठ कुठे वाकली. बाबा बोलतायत म्हणून मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

मला वाटलं, शिकवणी असते तसा हा प्रोग्रॅमही कधीतरी संपेल. कसला संपतोय! एक झाला की बाबा दुसरा आखून तयार. माझ्या भाचीचं लग्न शुक्रवारी बाहेरगावी होतं, तर हा मांडवात पोचला तोवर जेवणं उरकलेली. फिरायला जायचं म्हटलं की नेमका जड आठवडा आडवा यायचा. पुढे तर चाळिशीवरच्यांच्या स्पर्धेला घाटकोपरला उतरायचं ठरलं.

आणि यंदा दिवाळीत यज्ञेशची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकली आहे, वजन उचलणं बंद म्हणजे बंद. घरी येताना रिक्षात मला म्हणतो, "बाबांना यातलं काही कळता कामा नये."

"अरे, तुला वेड लागलंय का? एवढी आवड आहे तुला त्या दांड्याची?"

"आवड? मधू, मला वीट आलाय त्याचा. रविवारी संध्याकाळपासूनच सोमवार नकोसा वाटतो. पण मी थांबलो तर बाबा परत तसे होतील. माझी शपथ आहे तुला."

त्याच आठवड्यात बाबा माझ्याबरोबर मेथी निवडायला बसले. हळूच म्हणाले, "मधुवंती, मला आता झेपत नाही गं. खरं सांगू? ही गेल्यावर मला त्या व्यायामशाळेचं तोंड बघायचं नव्हतं."

"मग जाता कशाला?"

"तो आपणहून आला ना माझ्याकडे! आई गेली म्हणून पोरगा खचला होता. आता मी अंग काढून घेतलं तर मोडून पडेल. त्याला बोलू नकोस हं."

मेथी माझ्या हातातच राहिली. वाटलं, एकच पातेलं घ्यावं आणि दोघांच्या डोक्यात घालावं. एकाने शपथ घातलेली, दुसऱ्याला शब्द दिलेला. व्यायामाच्या दिवशी पहाटे दार ओढल्याचा आवाज यायचा आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायची. माझाच जीव घुसमटायला लागला होता.

मग स्पर्धेआधीचा शेवटचा जड शुक्रवार आला. यज्ञेश पलंगाच्या कडेला बसला होता. त्याला मोजे घालायला वाकता येईना. मी खाली बसून घालायला लागले तर वर हा मुकाट्याने रडतोय. बाहेरून बाबांची हाक आली, "आटपलं का रे?"

माझं डोकंच फिरलं. एक मोजा हातात घेऊन तशीच बाहेर गेले आणि सगळं ओकले. डॉक्टर, शपथ, मेथी, सगळं. "दोघांनाही नकोय हे! कोणासाठी चाललंय मग?"

बाबांनी यज्ञेशच्या कमरेवर हात ठेवला. "गाढवा, सांगायचं नाही?"

"तुम्ही सांगितलंत?"

दोघं हसायला लागले. हसता हसता बाबांवर डोळे पुसायची वेळ आली. स्पर्धा रद्द, प्रोग्रॅम बंद. सुटलो एकदाचे, असं म्हणत मी शिरा केला.

सोमवारी दोघं सवयीने पहाटे उठले आणि हॉलमध्ये समोरासमोर बसले.

"दुखतंय का?"

"थोडं."

"गोळी घेतलीस?"

"हो."

पुढे काही नाही. चहा झाला, पेपर झाला, तोंडातून शब्द नाही. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. मी मुद्दाम विषय काढायची, क्रिकेट, सोसायटीची भांडणं, बिल्डर. बाबा "हं" म्हणायचे. यज्ञेश मोबाइलमध्ये बघायचा.

शुक्रवारी यज्ञेश स्वयंपाकघरात आला. "मधू, मी बाबांना घेऊन व्यायामशाळेत जातोय. वजन लावणार नाही, नुसता रिकामा दांडा."

मी उसळलेच. "अरे, तुला वीट आलाय ना? त्यांनाही नकोय! आता तर दोघांना माहिती आहे!"

"माहिती आहे गं," तो म्हणाला. "पण तिथे ते माझ्याशी बोलतात."

मी ओट्याकडे तोंड करून रडले.