सिरीजमधला बल्ब

लातूरला ज्या उस्तादांकडे मी बोर्ड दुरुस्ती शिकलो, त्यांचा एकच कायदा होता: दुरुस्त केलेला बोर्ड थेट लाइटला लावायचा नाही, मध्ये शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालायचा. आत शॉर्ट राहिला असला तर बल्ब भगभगतो, बोर्ड वाचतो. नांदेडला दुकान टाकल्यावर मी हा कायदा कधी मोडला नाही. उलट न पाळणाऱ्यांना शिव्याच घातल्या.

त्या दिवशी सकाळी आक्का हिमायतनगरहून दाजींची बंद पडलेली ऑक्सिजनची मशीन घेऊन आली. घरी दाजी सिलिंडरवर होते आणि तो जेमतेम संध्याकाळपर्यंत पुरणार होता. दुसरा मिळत नव्हता, आणि दाजी दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते.

मशीनच्या सप्लाय बोर्डवरचा जळका पार्ट बारा वाजताच बदलून झाला. बल्ब घालून बटण दाबलं. बल्ब उजळला, मशीनचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा तेच.

"सुरू होऊन राहिली की रे!" आक्का दर वेळी स्टुलावरून उठायची.

"गप बस ना जरा!" मी खेकसलो.

आयसी बदलली, कपॅसिटर बदलले. घाईत सोल्डर जागेवर बसेना. चार वाजता कुठे माझी ट्यूब पेटली. असला बोर्ड एकदम जोर धरत नाही. उपाशी माणसाला आधी पेज द्यावी, तसा त्यातला कंट्रोलर व्होल्टेज हळूहळू चढवतो. चढताना बोर्ड करंट ओढायचा, बल्ब तो अडवायचा, व्होल्टेज पडायचं, की कंट्रोलर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. बोर्ड बारा वाजल्यापासून चांगला होता.

बल्ब काढून मशीन थेट लाइटला लावली. दोन सेकंद काहीच नाही, मग मशीन घुरघुरली.

स्टँडवर जाताना रिक्षात आक्का म्हणाली, "बल्ब काढला की लगेच लागली. मग दुपारीच का न्हाई काढलास?"

मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

बस भोकरच्या पुढे गेली आणि फोन आला. सिलिंडर संपला होता, दाजी गेले होते. मशीन माझ्याच मांडीवर होती.

तेराव्याला आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माझ्या भावानं लई धडपड केली." रिक्षातला तो प्रश्न तिनं पुन्हा कधीच विचारला नाही. विचारला असता तर तिच्या पायावर डोकं ठेवून रडता तरी आलं असतं.