शनिवारचं फळ

प्रकाशा गावच्या घाटावर ती बाई मला रोज दिसायची. नाव कधी विचारलं नाही. तापीत पाय सोडून बसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मन लागस नही, बाबा. उगाच रडू येस."

देवळात बसणारी आम्ही म्हातारी मंडळी मोठी उदार. उपाय फुकट देतो. एकाने तिला सोमवार धरायला सांगितला, दुसऱ्याने मंगळवार. प्रत्येक नव्या उपवासाबरोबर तिचं मन आणखी खचायचं आणि आम्ही म्हणायचो, श्रद्धा कमी पडते. शेवटी शनिवार तेवढा उरला होता. तो मी सुचवला, तोही निर्जळी.

एका सकाळी ती पायरीवरच कोसळली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी रक्त तपासलं आणि आमच्यादेखत तिला झापलं, "माय, तुन्हा आंगमा रगतच नही, मन कसं लागी? गोळ्या घे आणि रोज पोटभर जेव!"

तिने आमच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, तिला खरंच अडचण पडली होती. "बाबा, जेवाना वार कोनता ऱ्हायना?"

आम्ही बोटांवर वार मोजले; सातही उपवासाला देऊन झाले होते.

हल्ली ती गोळ्या घेते, डाळ-भाकरी, पालेभाजी खाते आणि घाटावर बायकांशी हसत बोलते. मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, शनिवारचं फळ मिळालं. मीही बरेच दिवस मान डोलावली. आता लिहून ठेवतो: शनिवार मी दिला होता, आणि तिला बरं वाटू लागलं ते तिने तो मोडल्यावर.