गोळी कुठवर पोचते

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. काचेच्या नळ्या धुणे, औषधे तोलणे हे माझे काम. माझ्या पत्नीला लहानपणापासून मिरगी होती. इतकी वर्षे रामनाम घेऊनही झटके येतच राहिले, तेव्हा देवापुढे उभे राहायचेच मी सोडले. तिची श्रद्धा मात्र वाढत गेली. इतकी, की एकदा रामटेकला जायचे ठरवून तिने गोळ्याच बंद केल्या. "गोळी जाते पोटात, रोग हाये डोक्यात. ते तिथं कशी पोचन?" असे ती विचारी.

रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढताना तिला मोठा झटका आला. कुणी कांदा मागितला, कुणी नाकाशी चप्पल धरली. तेवढ्यात शिंगाडे विकणारी एक बाई गर्दीत शिरली. "सरका गा, हवा येऊ द्या तिले!" तिने पत्नीला कुशीवर वळवले, टोपलीवरचे फडके घडी करून डोक्याखाली दिले आणि शांतपणे बसून राहिली. पत्नी भानावर आल्यावर गोळ्या सोडल्याचे कळले, तशी ती बाई हसली.

"मलेही येत होते वं. मी रामाचं नाव घेते अन् गोळीही घेते. राम काही रागावला नाही माह्यावर."

त्याच संध्याकाळी पत्नीने गोळी घेतली.

पुढच्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी तेच औषध पाजलेल्या उंदरांच्या मेंदूचे भाग वेगवेगळे तपासले. वरचा मेंदू, मागचा लहान मेंदू, खालचा देठ. मी आकडे उतरवत होतो. कुठे थोडे जास्त, कुठे थोडे कमी. पण औषध पोचलेच नाही असा एकही भाग निघाला नाही.

"पोटात दिलेलं इथवर येतं, बाई?"

"रक्तातून येतं. सगळीकडं," त्या सहज म्हणाल्या.

मी लेखणी खाली ठेवली. डोळे भरून आले होते. कृपेने कुठल्या वाटेने यावे, हे मी कोण ठरवणार?

घरी येऊन सांगितले, तर पत्नी म्हणाली, "मंग तुमीच काहून रुसून राहिले देवावर?"

झटके पुरते थांबले नाहीत. वर्षा-दोन वर्षांतून एखादा येतो. पूर्वी अशा वेळी मी देवाशी भांडत असे. आता तिच्याजवळ बसतो, काही मागत नाही. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ होतो, ती डोळे उघडते आणि चहा मागते.