भिंतीत बुजवलेली कमान

सिंगापुरातल्या तोआ पायोह भागातल्या आमच्या ब्लॉकला प्रत्येक मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर होता. एका बाजूला लोकांची दारं, दुसऱ्या बाजूला कठडा, त्याला लागून कुंड्या आणि वाळत ठेवलेले बूट. लिफ्टमधून बाहेर पडून डावीकडे वळलात की आधी आमचं दार, मग शेजारच्या चिनी आंटीचं, आणि मग भिंत. संपलं. आमच्या ह्यांना शेवटपर्यंत घरी ठेवायचं, एवढं एकच मला हवं होतं, आणि ते त्या भिंतीपायी झालं नाही. असं म्हटलं की मुलगा म्हणतो, "आई, भिंतीला काय बोल लावतेस? बाबांना आजार होता." आजार होताच. पण भिंतही होतीच ना!

हे सरकारी खात्यात जुन्या इमारतींच्या मोजण्या घ्यायचे, आणि सगळा जीव पोर्तुगीजांच्या मठांत. वसईच्या किल्ल्यात ते मठ आहेत, म्हणजे त्यांचे सांगाडे आहेत. छपरं कधीच गेली, कमानींतून पिंपळ बाहेर आलेत. मी शाळा अर्धवट सोडलेली पोर. लग्न झालं आणि सुट्टीच्या दिवशी ह्यांच्या टेपचं एक टोक धरून त्या पडक्या भिंतींत उभी राहायला लागले. जे शिकले ते तिथेच. चौक मोजायचा तर नुसत्या चार बाजू घेऊन भागत नाही, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्णही घ्यावा लागतो, नाहीतर कागदावर चौक तिरका उतरतो. तिथल्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, अक्षरं कोरलेले. हे त्यांवर कधी पाय देत नसत, वळसा घालून जात. मलाही तशीच सवय लागली.

मठाचा जीव चौकात असतो, असं हे म्हणायचे. मध्ये उघडं आभाळ, चारी बाजूंनी कमानींची ओवरी. जेवणं झाली की साधू तिथून गप्प फिरायचे, तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत.

"अगं, ह्या ओवरीला शेवटच नाही. कितीही चाल, वळण येतं, भिंत येत नाही."

"आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं वळत नाहीत," मी म्हणायचे, "त्याचा नकाशा काढा आधी."

पुढे हे निवृत्त झाले. मुलगा सिंगापुरात बँकेत होता, तिथलाच झाला होता. त्याने आम्हाला आपल्या घरी बोलावून घेतलं. सार्सची साथ गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यानेच आम्हाला पोर्तुगालला पाठवलं. बाबांनी जन्मभर नक्कल मोजली, आता अस्सल बघू देत, म्हणाला. लिस्बनला दगडात कोरलेले दोर पाहिले, जहाजाचे असतात तसे, पीळ घातलेले, गाठी मारलेले. हात लावला तर बोटाला काथ्या टोचेल असं वाटावं. ह्यांच्या तोंडाची टकळी अखंड चालू. मग बसने बाताल्या नावाच्या गावी गेलो. तिथल्या मठाच्या मागच्या अंगाला एक भाग आहे, त्याला छप्पर नाही. पडलेलं नाही हं, मुळात चढलंच नाही, काम अर्धवट राहिलं ते राहिलंच. हे मधोमध उभे राहून वर बघत होते. मी वाट बघत होते, आता सांगतील काहीतरी.

म्हणाले, "चल, उशीर झाला. वसईची शेवटची एसटी चुकेल."

मी मोठ्याने हसले. मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी हसायची थांबले.

तिथून ह्यांचं विसरणं सुरू झालं. पहिलं वर्ष झाकपाक करून काढलं. मग ह्यांना चालण्याचा नाद लागला. सारखं उठून कॉरिडॉरमध्ये जायचं, लिफ्टपासून निघायचं, फरशीतल्या लोखंडी झाकणांना वळसा घालत, पाय न लावता, थेट भिंतीपर्यंत. तिथे थांबायचे. हाताने भिंत चाचपायचे, बोटांनी सांधा शोधायचे. वसईत काही कमानी मागाहून कुणी दगड भरून बंद केलेल्या होत्या, त्यांच्या कडा हे असेच चाचपून काढायचे.

"इथे कमान होती. कुणी बुजवली?"

"अहो, ही बिल्डिंगची भिंत आहे. आत या."

"तुला काय कळतंय? इथून ओवरी वळते."

नात इंग्रजी शाळेतली, वाक्याला 'लाह' जोडून तिथल्यासारखं बोलणारी. ती आतून ओरडायची, "आजी! आजोबा नॉकिंग द वॉल अगेन लाह!" आधी तिला गंमत वाटायची. मग तिने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं.

मी ह्यांना खाली व्हॉइड डेकवर न्यायला लागले. ब्लॉकखालची ती मोकळी जागा, नुसते खांब. खांबांना धरून आम्ही चारी बाजूंनी फिरायचो. भिंत नाही, त्यामुळे हे शांत. म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत बसलेले असायचे, मान हलवायचे. मला वाटलं, सापडलं औषध. पण माझे गुडघे किती साथ देणार? आणि एका दुपारी, मी आंघोळीला गेले असताना, ह्यांनी खलातला बत्ता घेतला.

मी ओल्या केसांनी धावत बाहेर आले तेव्हा भिंतीचं प्लास्टर निघालं होतं आणि ह्यांच्या बोटांतून रक्त गळत होतं. आंटी बिचारी दाराच्या जाळीआड हात जोडून उभी, रडत होती. तिला वाटलं, हे तिच्या घरात शिरतायत. मी बत्ता धरला तर हे माझ्यावरच उगारून आले.

"सोड! आत माणसं अडकलीयेत!"

संध्याकाळी मुलाने माझ्या दंडावरचा वळ पाहिला. मग म्हणाला, "आई, आता पुरे."

"मी करीन त्यांचं."

"तू करशील गं. पण पुढच्या वेळी ते तुझं डोकं फोडतील, आणि ते त्यांना कळणारही नाही."

मी ह्यांचे कपडे पिशवीत भरले.

वृद्धाश्रमाची ती जागा जुनी, दुमजली. पूर्वी तिथे नन राहायच्या म्हणे. आत गेल्यावर मध्ये चौक, चारी बाजूंनी छप्पर असलेला व्हरांडा, कमानी साध्या, चुना दिलेल्या. मी दारातच थबकले. ह्यांनी माझा हात सोडला आणि चालायला लागले. एक कोपरा वळले, दुसरा वळले. चेहऱ्यावरची आठी गेली. दोन वर्षं मी ज्यासाठी धडपडले ते एका इमारतीने घटकाभरात केलं. मुलगा म्हणाला, "बघ, बाबा किती खूश आहेत." मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या कमानींचा संताप आला.

दर आठवड्याला मी डबा घेऊन जायचे. हे दोन घास खायचे की उठायचे. मग मीही त्यांच्यामागून चालायचे. व्हरांडा अरुंद, जोडीने चालता येत नसे. तिसऱ्या की चौथ्या भेटीत ह्यांना मागे कुणी आहे असं जाणवलं. ते थांबले, भिंतीला अंग चोरून बाजूला झाले, मला वाट दिली आणि फार अदबीने म्हणाले, "या ताई, तुम्ही व्हा पुढे."

मी पुढे झाले.