तिसरी फरशी

अक्कांचा देवावर विश्वास होता, जावयावर होता, बेंगळुरूहून बोम्मसंद्र्याला येणाऱ्या बसवरसुद्धा होता. दशांशचिन्हावर मात्र काडीचा नव्हता. "हे टिंब म्हणजे पिसू गं, आत्ता इथं, मग तिथं," म्हणायच्या. आमच्या औषधांच्या कारखान्यात वजनाच्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता. तिथं ग्रॅम म्हणजे फार अवजड वस्तू. सगळा व्यवहार मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅमचा. मी निपाणीहून शिकाऊ म्हणून आले तेव्हा त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि गाव तेवढं लक्षात ठेवलं. शेवटपर्यंत मी 'निपाणी'च.

काट्याचं काचेचं दार लागलं की बोलायचं नाही, शिंकायचं नाही. अक्कांचं चाललं असतं तर श्वाससुद्धा बाहेर जाऊन घ्यावा लागला असता. पहिल्याच दिवशी त्यांनी चिमट्यात साखरेचा एक दाणा धरला, तोलला आणि विचारलं, "पाऊण मिलीग्रॅमसुद्धा नाही. मायक्रोमध्ये किती?" मी बोटांवर शून्यं मोजायला लागले. "सहाशेच्या वर भरला. माप लहान झालं की आकडा वाढतो. लहान वाटीनं पीठ मोजलं तर वाट्या जास्त लागतात की नाही? स्वयंपाक येतो ना तुला?" येत नव्हता, पण 'हो' म्हटलं.

हिशेब डोक्यात करायचा नाही, पायांनी करायचा, हा त्यांचा कायदा. मिलीचं मायक्रो करायचं असेल तर तीन फरश्या पुढे चालायचं, एका फरशीला दहापट, आणि प्रत्येक फरशीवर आकडा मोठ्याने म्हणायचा. पदवीधर मुलं लंगडी खेळल्यासारखी खोलीभर चालताना बघून बाहेरचे हसायचे. एकदा मी अर्ध्या मिलीग्रॅमचे पन्नास मायक्रोग्रॅम लिहून मोकळी झाले. अक्कांनी मला सगळ्यांसमोर चालायला लावलं. पाच, पन्नास, पाचशे!

"तिसरी फरशी कुणी खाल्ली?" त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणाच्या तरी आईच्या पोटात जाणार गं हे. एक फरशी म्हणजे दहापट."

एवढ्या काटेकोर बाईंच्या बोलण्यात एक माप मात्र बिनएककाचं होतं: स्वल्प. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं घराणं. मराठीत कन्नड मिसळूनच बोलणं. कॅन्टीनमध्ये "स्वल्प सांबार" मागायच्या आणि वाटी काठोकाठ भरेपर्यंत पळीकडे बघत राहायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, स्वल्प म्हणजे किती मिलीग्रॅम?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि सही. एकाने आकडा काढायचा, दुसऱ्याने पहिल्यापासून चालून तपासायचा, मग दोघांनी तारीख-वेळेसकट सही करायची. स्वतः अक्कांनी काढलेला आकडासुद्धा आमच्यापैकी कुणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नसे. "मी देव आहे का?" असं विचारायच्या. आमच्यातल्या काहींना तशी शंका होती.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. आठवडाभर हॉस्पिटलात राहून त्या बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या घरी आल्या आणि मी एका रविवारी भेटायला गेले. लेक रविवारचीही कामावर होती, जावई शुश्रूषेला. भला माणूस, घड्याळ लावून गोळ्या देणारा. पण अक्का पार सुकल्या होत्या. अन्न जात नव्हतं, सारखी मळमळ. "सगळं पिवळं दिसतंय गं. तुझी ओढणीसुद्धा."

"हळदीकुंकवाची तयारी दिसतेय," मी थट्टा केली. त्या हसल्यासुद्धा नाहीत.

इतक्यात जावयांनी हृदयाची चारची गोळी काढली. सवयीनं मी पाकीट वाचलं. '०.२५ मिलीग्रॅम.' हॉस्पिटलच्या कागदावर होतं, 'रोज १२५ मायक्रोग्रॅम.'

"लिहिलेली गोळी दुकानात नव्हती, म्हणून ही आणली," जावई म्हणाले. "पॉइंट दोन-पाच म्हणजे एकसुद्धा नाही हो. कमीच जाते, म्हणून पूर्ण देतो."

खाटेजवळच्या फरशीवर मी उभी राहिले आणि चालले. अडीच, पंचवीस, अडीचशे. "दुप्पट जातंय, अक्का."

जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डॉक्टरांना लावायला फोन उचलला.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू काढलंस. तपासलं कुणी?"

"अहो अक्का, आत्ता काय..."

तोवर त्यांनी पाय खाली सोडले होते. माझ्या खांद्यावर हात टाकून, धापा टाकत, त्या चालल्या. अडीच. पंचवीस. तिसऱ्या फरशीवर भिंतीला टेकल्या. "अडीचशे. आपल्याला हवेत सव्वाशे. म्हणजे अर्धी. सरी, बरोबर आहे, लावा आता फोन." जावयांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून म्हणाल्या, "रडू नका हो. तुम्ही एकही फरशी चुकला नाहीत. तुम्ही चाललाच नाहीत."

डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं, मळमळ आणि पिवळं दिसणं जादा गोळीमुळेच म्हणाले, आणि गोळी काही दिवस बंद ठेवली. पिवळेपणा गेला, अक्का पुन्हा 'स्वल्प' चित्रान्न ताटभर खाऊ लागल्या. पुढे दीड वर्ष जगल्या आणि वयानं गेल्या, कुणाच्या चुकीनं नाही.

तो हॉस्पिटलचा कागद मी जावयांकडून मागून घेतला. फोन झाल्यावर अक्कांनी पेन मागवलं होतं. समासात माझा हिशेब, माझी सही; त्याखाली थरथरत्या अक्षरात 'तपासले', त्यांची सही, तारीख, वेळ.

आता वजनाची खोली माझ्याकडे आहे. मुलं चालतात, बाहेरचे हसतात. माझे आकडे ती मुलंच तपासून सही करतात. तरी तिसऱ्या फरशीवर पोचले की मी अजून मागे वळून बघते. अक्का नसतात, आणि मला फार एकटं वाटतं.