पांढरी बोटं

रक्तदाबाची गोळी बदलून घ्यायला नगरच्या दवाखान्यात गेलो होतो. शेजारी अकोले तालुक्यातली एक बाई बसली होती. केडगावच्या हॉटेलात ती भांडी घासायची. बोटं खडूसारखी पांढरी, एकाचं टोक काळं पडत आलेलं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"आता कायबी कळत न्हाई, भाऊ."

मी चहा आणला. तिनं तो प्यायला नाही, ग्लास नुसता धरून बसली. बोटं निळी झाली, मग लाल, आणि तेव्हा कळ येऊन तिचे डोळे भरले.

तिचा नंबर आला. पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज येत होता. "गार लागलं की रक्तवाहिनीच्या स्नायूंत कॅल्शियम शिरतं, वाहिनी आवळते आणि रक्त पोचत नाही. ही गोळी कॅल्शियमची वाट अडवेल. पण गार पाण्यात हात घालू नका, नाहीतर बोट जाईल."

बाहेर येऊन ती पुन्हा टेकली.

"मालकाला म्हनते, भाकरी थापाया ठेवा. चुलीपाशी ऊब तरी हाय."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर बाकीची नऊ हायेत की."

ती थट्टा करत नव्हती. फार दमली होती.