जरा जास्त वेळ
वेखंडाच्या धुरीचा वास आला की तेलीबांध्याचं ते बारसं आठवतं. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आणि मनाच्या लांबलेल्या आजारातून उठून माझी औषधं सुटल्याला वर्ष झालं होतं. धाकट्या बहिणीची मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. माझं बोट तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. बहिणीचा नवरा म्हणाला, “राज्य अन् पोट्टी एकाच वर्षी झाले, नाव राजधानीच ठेवून टाका!” सगळे हसले. मीही हसले, फक्त माझं हसू जरा जास्त वेळ टिकलं. आईनं सगळ्यांदेखत विचारलं, “गोळी घेतली ना तू?” मी म्हटलं, “डॉक्टरनंच बंद केली ना आई, वर्ष झालं.” “हव, माहीत आहे मले,” ती म्हणाली आणि तिनं बहिणीकडे पाहिलं. बहीण लगेच उठली. “ताई, दे मले तिले, भूक लागली असन,” म्हणत तिनं गाढ झोपलेल्या बाळाची मूठ माझ्या बोटावरून सोडवली. मग कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि मी घुगऱ्या वाटायला उठले. आजही मी ठणठणीत आहे. फक्त चारचौघांत हसताना इतरांकडे बघत राहते, आणि ते थांबायच्या आत थांबते.